मन लावून मरणारा नट

मित्रांनो, मी एक जुनी शवपेटी आहे. घाबरू नका, माझ्यात आजवर खरा मेलेला कोणीही झोपलेला नाही. मॅलकी टूही नावाचा नट माझ्यात पडून भर नाटकात बोलला आणि त्याचं नाटक कायमचं सुटलं. पण हे घडलंच नाही, असं तूर्त धरून चालू या.

आयर्लंडमधल्या गॉलवेच्या एका सुताराने मला घडवलं. फिरत्या नाटक मंडळीबरोबर मी गावोगाव हिंडले. केस काळे होते तेव्हापासून पांढरे होईपर्यंत मॅलकी माझ्यात मेला. सिनेमावाल्यांनीही त्याला बोलावलं. तिथे तो एकदा समुद्रात बुडून मेला, एकदा गोळी लागून आणि एकदा नुसताच.

"अरे, एखादं जिवंत काम दे की," तो मालक कॉर्मॅकला म्हणे.

"हा मोसम न हलता काढ. पुढच्या नाटकात तुला पोस्टमन करतो. दोन वाक्यं आहेत."

मॅलकी ती दोन वाक्यं माझ्यात पडल्यापडल्या मनात घोकायचा.

मोसमाचा शेवटचा खेळ एका खेड्यात, चर्चच्या सभागृहात होता. पडदा उघडला. विधवेच्या वेशातली नटी डर्व्हला माझ्याशेजारी बसली होती. आता, मयत समोर असताना घरच्यांचा हात हातात न घेता बसून राहणं आमच्याकडे कोणाला जमत नाही. पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठून सरळ रंगमंचावर आली. तिच्यामागे अख्ख्या गावाने रांग लावली.

"फार वाईट झालं गं," म्हातारी म्हणाली.

"आजी, नाटक चाललंय," डर्व्हला पुटपुटली.

"चालू दे की. माणूस तर गेलाच ना." तिने माझ्यात डोकावून पाहिलं. "गेल्या साली पण हाच गेला होता. किती मन लावून मरतो."

"आम्ही ह्यालाच बघायला येतो," मागचा शेतकरी म्हणाला. "बाकीचे नुसते बडबडतात."

इतक्या वर्षांत मॅलकीला असं कोणी म्हणालं नव्हतं. त्याची पाठ माझ्या फळीवर थरथरली.

"आभारी आहे," तो म्हणाला. डोळे मिटूनच.

म्हातारीने छातीवर क्रूसाची खूण केली. "आवाजही गोड होता हो बिचाऱ्याचा."

पोस्टमनचं काम दुसऱ्याच कुणाला मिळालं. मॅलकी बहिणीच्या गावी निघून गेला. माझ्यात आता पडद्याच्या दोऱ्या ठेवतात. त्यांच्याविषयी कोणी काही बोलत नाही.

तरी संबंधित खात्यास नम्र विनंती की, मृताविषयी चार शब्द चांगले बोलले जात असताना त्यास उत्तरादाखल एक वाक्य बोलण्याची परवानगी देण्यात यावी, व सदर परवानगी पूर्वलक्षी प्रभावाने लागू करण्यात यावी.