राहता पत्ता

भारतीय वकिलातीच्या खिडकीतल्या बाईंनी त्याचा अर्ज काचेखालून परत सरकवला आणि पुढच्या माणसाला बोटाने बोलावलं. लिफ्टवाला जागचा हलला नाही. त्याने दोन्ही कोपरं काउंटरवर अशी रोवली, की मागच्या माणसाला तोंड वाकडं करून बाजूला उभं राहावं लागलं.

"परत का दिलात?"

"परत नाही दिला, थांबवलाय. तुमच्या घरी पोलीस चौकशीला गेले होते. तिकडून रिपोर्ट उलटा आलाय. दिलेल्या पत्त्यावर तुम्ही राहत नाही."

"अहो, मी नोकरीला इथे आहे म्हणूनच तर तुमच्या दारात आलोय ना? पण घर तेच आहे. बायको-पोरगी तिथेच आहेत."

"ते तिकडच्या पोलिसांना पटायला हवं. फेरचौकशी होईल. तोपर्यंत नवा पासपोर्ट निघणार नाही."

"जुन्याची मुदत महिनाअखेर संपतेय."

"मग घरच्यांना सांगा, नीट बोला म्हणावं," बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाचे कागद त्यांनी हातात घेतलेसुद्धा.

बसच्या थांब्यापर्यंत तो हेच वाक्य चघळत आला. घरच्यांना सांगा, नीट बोला. म्हणजे कुणीतरी वाकडं बोललं होतं. पोलिसाला काय स्वप्न पडणार आहे? विचारल्याशिवाय तो लिहीत नाही आणि कुणी सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली.

तसा लिफ्टदुरुस्तीत संशय हा त्याचा धंदाच होता. लोकांना चालती लिफ्ट चालतीच दिसते. त्याला तिच्यात घासणारा दोर, सैल होत आलेला नट आणि पुढच्या आठवड्यात अडकणार असलेला दरवाजा ऐकू येतो. कंपनीने त्याला इतकी वर्षं ठेवलं होतं ते या कानासाठीच. अडचण एवढीच होती, की संध्याकाळी पाने-पकडी पेटीत जात आणि संशय मात्र त्याच्याबरोबर खोलीवर येई. साबणाची वडी पातळ झाली तरी तो खोलीत सोबत राहणाऱ्या सुताराकडे बघायचा.

पासपोर्ट गेला की कामाचा परवाना गेला आणि परवाना गेला की माणूस गेला, हे इथलं साधं गणित. साहेबांनी तर सकाळीच हसत हसत विचारलं होतं, कागद झाले का, नाहीतर दुसरा माणूस बघून ठेवतो. साहेब हसून बोलले की ते खरं असतं, एवढं त्याला इतक्या वर्षांत कळलं होतं. आणि घरी परत जाऊन करायचं काय? त्याच्या गल्लीत एक मजली घरं होती, फार तर दोन मजली. तिथे लिफ्ट कुणाला हवी होती?

खोलीवर सुतार कांदा चिरत बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"भावाला फोन लाव," तो म्हणाला. "त्यात एवढं काय?"

"भावावरच तर माझा डोळा आहे."

"का? त्याने काय केलं?"

लिफ्टवाल्याने आवाज उगाचच खाली आणला. "घराचं विजेचं मीटर दोघांच्या नावावर आहे. ते त्याच्या एकट्याच्या नावावर करू या, म्हणून गेल्या महिन्यात मागे लागला होता. म्हणे तू नसतोस, सहीला अडतं. आज मीटर, उद्या माझा वरचा मजला. आणि नेमका आत्ताच पोलिसांना सांगतो की हा इथे राहतच नाही. कुठेतरी पाणी मुरतंय."

"तुझ्या डोक्यात मुरतंय," सुतार म्हणाला आणि डोळे पुसत त्याने कांदा कढईत लोटला.

तरी त्याने फोन लावला. थेट विचारायचं नाही, आडून आडून काढून घ्यायचं, असं त्याने आधीच ठरवलं होतं. दादाने दुसऱ्याच रिंगला उचलला. हेही त्याला खटकलं. एरवी घराखालच्या दुकानात झेरॉक्सच्या मशीनपुढून तो हलत नसे.

"काय दादा, कसं काय? सगळं ठीक?"

"ठीक आहे रे. तू बोल."

"काही नाही. ते पासपोर्टचं चाललंय. चौकशीला कुणी येणार होतं म्हणे."

पलीकडे मशीनचा आवाज बंद झाला. "हो, येऊन गेला."

"कुणाशी बोलला?"

"बोलला असेल कुणाशी तरी. गल्लीत काय माणसं थोडी आहेत?"

"तुझं दुकान उघडं होतं ना?"

"त्या दिवशी जरा बंद होतं. कागद आणायला गेलो होतो." मग दादा घाईघाईने म्हणाला, "तू डोक्याला त्रास करून घेऊ नकोस. मी पोलीस ठाण्यात जाऊन आलोय. उद्या संध्याकाळी ते परत येतायत. या वेळी मी घरीच थांबतो. होऊन जाईल तुझं काम."

फोन ठेवून तो सुताराकडे वळला.

"झालं ना? जीव भांड्यात पडला?" सुताराने विचारलं.

"रिपोर्ट उलटा आला, हे मी त्याला सांगितलं होतं का?"

"मला काय माहीत?"

"नव्हतं सांगितलं. मलाच आज कळलं. मग हा ठाण्यात कशाला जाऊन आला?"

सुताराने पुन्हा कढईकडे मोर्चा वळवला. लिफ्टवाल्याला त्यात एक कडू समाधान वाटलं. बिघाड सापडला की वाटायचं, तसंच. सख्खा भाऊ, एका ताटात जेवलेला, आणि शेवटी त्यानेच डाव साधला. जेवताना त्याने तीनदा मान हलवली आणि भात तसाच टाकून उठला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो एका उंच इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटारखोलीत जाऊन बसला. तिथे फोन नीट लागायचा आणि ऐकायला कुणी नसायचं. गुन्हा दादाचा होता याबद्दल त्याला शंका नव्हती, पण साक्षीदार हवा होता. घरासमोर राहणाऱ्या मास्तरांना निवृत्त झाल्यापासून गॅलरीत बसून गल्लीची हजेरी घेण्यापलीकडे काम नव्हतं.

"नमस्कार मास्तर. सहज फोन केला."

"सहज? तू आणि सहज?" मास्तर हसले. "विचार, काय विचारायचंय?"

त्याने विचारलं.

"आला होता ना पोलीस. मी इथेच बसलो होतो. आधी दादाच्या शटरवर थाप मारली, ते बंद. मग जिना चढून वर गेला. चांगला बराच वेळ होता. खाली उतरला तेव्हा तुझी बायको जिन्यापर्यंत सोडायला आली होती."

"वर गेला?"

"वरच गेला. खाली होतं कोण?"

तेवढ्यात इमारतीत कुणीतरी बटण दाबलं. मोटार दणक्यात सुरू झाली, दोर सरसर पळायला लागले आणि मास्तर पुढे काय म्हणाले ते ऐकूच आलं नाही. लिफ्ट कुठल्यातरी मजल्यावर थांबेपर्यंत फोन बंद झाला होता. दादावर रचलेला सगळा खटला क्षणात कोसळला आणि त्याच्या जागी जे उभं राहिलं, त्याच्याकडे बघायचीही त्याला भीती वाटली. बराच वेळ म्हणजे किती वेळ? तिने काय सांगितलं असेल? आणि रोज फोनवर पोरीच्या परीक्षेपासून नळाच्या पाण्यापर्यंत सगळं सांगते, मग हेच कसं गिळून बसली? मी आलो नाही तरी चालेल, असं तर तिला वाटत नसेल? मी पैसे पाठवणारा, बाकी कुणी नाही, असं? नंबर लावताना त्याचा अंगठा दोनदा चुकला.

"आज दुपारीच?" बायको म्हणाली. "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"पोलीस आला होता, त्याच्याशी तू बोललीस?"

"हो."

"मला सांगितलं नाहीस."

"दादा म्हणाले, नको सांगू. तो तिकडे बसून नको नको ते मनात आणेल. मी निस्तरतो म्हणाले."

"काय सांगितलंस तू त्याला?"

"ओरडू नका. सांगते." मागे कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बारीक केल्याचंही त्याला ऐकू आलं. "त्यांनी विचारलं, हे इथे राहतात का? मी म्हटलं, राहतात की. नोकरी बाहेर आहे, पण घर हेच. मग ते म्हणाले, ठीक आहे, त्यांचं काहीतरी दाखवा. कपडे, चपला, काहीही. वरचे विचारतात. चांगला माणूस होता हो. पाणी दिलं मी."

"मग दाखवायचं ना!"

"काय दाखवू?"

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी कपाट उघडलं. माझ्या साड्या, पोरीचे गणवेश. खालचा खण बघितला. मोरीत बघितलं, दारामागच्या खुंट्या बघितल्या. मला खरंच वाटलं होतं, असेल काहीतरी. पण तुम्ही येता तेव्हा बॅग पलंगाखाली ठेवता, त्यातूनच काढता, त्यातच भरता. तीन शर्ट ठेवून गेला होतात एकदा. त्यातला एक दादांच्या मुलाने लग्नाला घातला, तर पुढच्या खेपेला सगळे उचलून नेलेत. टॉवेलसुद्धा. म्हणालात, माझ्या वस्तूंना इथे कुणीही हात लावतं."

मोटार पुन्हा सुरू झाली. या वेळी तो आवाज बराच वेळ चालला असता तरी त्याला चाललं असतं. पण लिफ्ट लगेच थांबली.

"भिंतीवर फोटो आहे माझा," तो म्हणाला.

"तो दाखवला. ते म्हणाले, बाई, भिंतीवरचा फोटो तर गेलेल्या माणसाचाही असतो." तिचा आवाज किंचित चिरकला आणि पुन्हा सरळ झाला. "मग म्हणाले, आता खरं काय ते सांगा, राहतात का? तेव्हा मला बोलताच येईना. नाही, असं म्हटलं नाही मी. पोरीची शपथ. पण हो म्हणायलाही तोंड उघडेना. ते थोडा वेळ थांबले आणि लिहून घेऊन गेले."

बाहेर गच्चीवर कुणीतरी पत्र्याचं दार आपटलं. एरवी तो उठून बघून आला असता.

"दादा रडकुंडीला आलेत," ती म्हणाली. "ठाण्यात दोनदा जाऊन हात जोडून आले. मीटरचं बोलून आधीच तुम्हाला राग आणला, आता हे, म्हणून. आज संध्याकाळी परत येणार आहेत ना ते. दादांनी स्वतःचे दोन शर्ट आणून दिलेत. म्हणाले, हे लावून ठेव कपाटात, कुणाला कळतंय."

"मग लाव की," तो म्हणाला. त्याने पुन्हा म्हटलं, "लाव. काही हरकत नाही."

"लावले होते. काढून ठेवले."

"का?"

"उघडलं की दादांचेच दिसतात." मग ती जरा घाईने, काहीतरी आधीच ठरवून ठेवल्यासारखं बोलली, "त्यापेक्षा मी आत्ता चौकातून दोन नवे घेऊन येते. एकदा धुऊन, इस्त्री करून टाकले की घातल्यासारखे दिसतील. मग तेच राहू देत कपाटात. तुमचेच. कुणी हात लावणार नाही, मी बघते. तेवढं माप सांगा."

"माप?"

"कॉलरचं. आधीचं मला पाठ आहे हो. आत्ताचं सांगा."

त्याने अंगातल्या शर्टाची कॉलर मागून ओढून उलटी केली आणि मान वळवून बघायचा प्रयत्न केला. ते जमेना, म्हणून त्याने शर्ट काढूनच मांडीवर घेतला. कॉलरच्या आत कंपनीने शिवलेला त्याचा कामगार नंबर होता. बाकी तिथे काही नव्हतं.

"थांब," तो म्हणाला. "बघून सांगतो."

"बघा सावकाश," ती म्हणाली. "मी आहे फोनवर."