डावा पाटा

त्या जूनमध्ये बर्डेट स्कार आपली जुनी पिकअप घेऊन माझ्या गाड्या दुरुस्तीच्या शेडमध्ये आला, तेव्हा आत चौघे जण कॉफी पीत बसले होते. पेरण्या उरकलेल्या, गवत कापायला अजून अवकाश. अशा दिवसांत आमच्या गावातली माणसं कुणाच्या ना कुणाच्या शेडमध्ये जमतात. त्या वर्षी ती माझ्याकडे जमायची. माझ्या बोलण्यावर लोक हसतात, याचा मला अभिमान होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल.

बर्डेट माझ्याच वर्गातला. मधमाश्या पाळायचा. नॉर्थ डकोटाच्या आमच्या भागात क्लोव्हरचं गवत फुललं की तो माश्यांच्या पेट्या लादून या रानातून त्या रानात फिरायचा. अंगानं फार मोठा, दीडशे किलोच्या पुढचा, आणि आवाज मात्र अगदी हळू.

"ओरिन, मागच्या स्प्रिंगचे पाटे बसलेत रे," तो म्हणाला. "डावी बाजू तर जास्तच. मडगार्ड चाकाला घासायला लागलंय."

खरं तर मी तिथेच खाली वाकून बघायला हवं होतं. मी चौघांकडे बघितलं.

"पेट्या दोन्ही बाजूंना सारख्या लावतोस ना?"

"मोजून लावतो."

"मग माश्यांचा काही दोष नाही. डावीकडे आणखी काय बरं असतं गाडीत?" मी डावीकडचं, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, खोल गेलेल्या सीटकडे बराच वेळ बघितलं आणि मान हलवली. "बर्डेट, पाटा नको बदलूस. ड्रायव्हर बदल."

सगळे हसले. धान्याच्या कोठारावर काम करणाऱ्या रोलंडला तर कॉफीचा ठसका लागला. बर्डेटही हसला. त्याच्या त्या हसण्यावर मी पुढे बरेच दिवस विसंबून राहिलो.

काम मी कसं केलं तेही सांगतो. जुने पाटे खोलायचे म्हणजे गंजलेले बोल्ट तापवायचे, तोडायचे, अर्धा दिवस गाडीखाली आडवं पडायचं. मी त्यातलं काहीच केलं नाही. आधाराला वरून बांधायचा एक जादा पाटा मिळतो, तो डावीकडे आवळून बसवला. गाडी दोन बोटं वर आली. चावी देताना मी म्हटलं, "पन्नास किलो कमी कर, मग हाही काढून टाकू."

माझा विनोद माझ्या आधी कॅफेत पोचला. तिथे रोज सकाळी बर्डेट ॲपल पायचा एक तुकडा खायचा. आता तो दारातून आत आला की काउंटरवरचे सगळे एकदम डावीकडे झुकायचे. मीही झुकलोय, दोनदा. महिन्याभरात तो यायचा बंद झाला. कुणी विचारलं तर मी म्हणायचो, "मधाचे दिवस आहेत, त्याला वेळ कुठला!"

ऑगस्टमधल्या एका रविवारी प्रार्थना संपवून आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर उभे होतो. स्कारांची पिकअप फाटकातून बाहेर निघाली. गाडी बर्डेटची बायको आर्डिस चालवत होती. चिमणीएवढी बाई, स्टिअरिंगच्या वरून जेमतेम तिचे डोळे दिसत होते. बर्डेट उजवीकडे बसला होता. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती, गाल उतरले होते. समोर बघत तो अगदी ताठ बसला होता.

आणि गाडी डावीकडे कलली होती. जूनपेक्षाही जास्त.

मागे पेट्या नव्हत्या, डावीकडे वजन नव्हतं. रोलंडला यातलं काहीच कळलं नाही. त्यानं मला कोपर मारलं. "बघ, बघ! खरंच ड्रायव्हर बदलला की रे त्यानं!"

तो हसला आणि मीही हसलो. कळूनसुद्धा हसलो. त्या सगळ्या प्रकरणात मला अजून सर्वांत जास्त खुपतं ते हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी जॅक आणि हत्यारं घेऊन मी त्यांच्या मध काढायच्या शेडवर गेलो. बर्डेट रानात होता. दारात आर्डिस आली, कोपरापर्यंत मेणानं माखलेली.

"काय हवंय?"

"गाडी बघायची होती. माझ्याकडून काहीतरी राहिलंय."

"आता सुचलं?" ती म्हणाली, पण बाजूला झाली.

मी गाडीखाली शिरलो. धूळ, मेण आणि मध यांचा बोटभर जाड थर पाट्यांवर बसला होता. तो खरवडला. मधल्या बोल्टापाशी, जिथे सगळे पाटे एकत्र आवळलेले असतात, तिथे दुसरा आणि तिसरा पाटा आरपार तुटलेला होता. मुख्य पाट्यालाही केसासारखी चीर गेली होती. तुटलेल्या कडा गंजून तांबड्या झाल्या होत्या. गंज दोन महिन्यांचा नव्हता, चांगला वर्षाचा होता. म्हणजे तो माझ्याकडे आला तेव्हाही पाटे तुटलेलेच होते. मी खाली वाकलो असतो तर दिसले असते.

बाहेर येऊन मी आर्डिसला सगळं सांगितलं. भरल्या गाडीत मुख्य पाटा तुटला असता तर काय झालं असतं, तेही सांगितलं.

"जूनपासून तो उकडलेली अंडी आणि काकडी खातोय," ती म्हणाली. "परवा पेटी उचलताना चक्कर येऊन पडला. म्हणतो, गाडी सरळ झाली की खाईन. चालवणंही सोडलं त्यानं. मी उजवीकडे बसलो की फरक पडेल, म्हणाला. रोज संध्याकाळी टेप घेऊन मोजतो, मडगार्ड आणि चाकात किती अंतर आहे ते."

"मी त्याची माफी मागतो," मी म्हणालो.

"इथे, माझ्या शेडमध्ये? कोण ऐकायला आहे इथे? हसलास तेव्हा चौघं होती ना?"

बिस्मार्क शहरातून नवे पाटे मागवले, दोन्ही बाजूंचे, आणि दोन दिवस गाडीखाली पडून बसवले. बर्डेट येऊन बघून गेला. मी तुटलेला पाटा त्याच्या हातात दिला. त्यानं तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"हे माझ्यामुळे नव्हतं?"

"नाही. मी बघितलंच नाही, बर्डेट. आळस केला. आणि वर तुझी चेष्टा केली."

"लोक हसतात ते मला माहीत आहे, ओरिन," तो हळूच म्हणाला. "शाळेपासून माहीत आहे. पण तुझ्याकडे मी गाडी घेऊन आलो होतो."

शनिवारी सकाळी, कॅफे भरलेलं असताना, मी तो तुटका पाटा काउंटरवर ठेवला आणि उभ्यानंच सांगितलं, की बर्डेटची गाडी याच्यामुळे कलत होती, जूनमध्येच हे तुटलेलं होतं, आणि मी न बघता तोंड चालवलं. मग रोलंड म्हणाला, "असू दे रे, गंमत होती ती." मला त्याचा राग आला, आणि लगेच कळलं की जूनपासून मी स्वतःला नेमकं हेच सांगत होतो. लोक कॉफीकडे वळले. त्यानंतर डावीकडे कुणी झुकलं नाही, पण ज्याला बघून झुकायचं तो बर्डेटही तिथे परत आला नाही.

तो पुन्हा जेवू लागला, असं आर्डिसनं माझ्या बायकोला सांगितलं.

पुढच्या एप्रिलमध्ये तो क्लचच्या कामासाठी आला. मला वाटलं नव्हतं येईल. पिकअप सरळ उभी होती. त्यानं चावी दिली, काय होतंय ते दोन वाक्यांत सांगितलं, आणि बाहेर जाऊन वाऱ्यात उभा राहिला. आत दोघे जण बसले होते. मी त्यांना काहीतरी कारण सांगून घरी पाठवलं आणि बर्डेटसाठी एक खुर्ची बाहेर नेली.

"बस ना. तासभर लागेल."

"हं," तो म्हणाला. मग त्यानं खुर्ची जराशी तिरकी केली, तिचा एकेक पाय हातानं हलवून बघितला, चारही, आणि मी तिथे उभा असेपर्यंत तो बसला नाही. मी आत गेलो आणि कामाला लागलो.