कालव्याच्या वाटेतली बहीण

चैत्र सरत आला होता आणि सकाळी नऊलाच घरांचे पत्रे तापू लागले होते. त्या पत्र्यांपैकी एकाखाली, भाड्याच्या खोलीत, शिवबाई भाकरी कडक करत होती. ज्वारीची पातळ भाकरी आधी तव्यावर भाजायची, मग निखाऱ्याशी उभी करून तिच्यातल्या पाण्याचा शेवटचा अंशही काढून घ्यायचा. अशी भाकरी महिनाभर टिकते. बाईमधलं पाणी असंच काढून घेतलं की तीही टिकते, असा आपल्याकडे जुना समज आहे.

आज तीनशे भाकरी द्यायच्या होत्या. भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून थेट पूर्वेच्या समुद्रापर्यंत जहाजं नेणारा कालवा खोदता येईल की नाही, यावर शहरात दिवसभर चर्चा होणार होती. आणि चर्चेला भूक लागतेच. शिवबाईची भाची महेश्वरी भाकरी मोजून फडक्यात रचत होती. ती स्थापत्य पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होती आणि शिकण्यासाठी आत्याकडे राहत होती.

तेवढ्यात तिचे वडील आले. मल्लिनाथ, शिवबाईचा धाकटा भाऊ, जहाज कालवा समर्थन समितीचा कार्याध्यक्ष. समितीचा बिल्ला त्याने जिना चढता चढता छातीवरून काढून खिशात टाकला होता.

"अक्का, चा टाक की," म्हणत त्याने साडीची एक पिशवी तिच्यापुढे ठेवली. "इरकल हाय. साधी न्हाय. उद्या अकराला नोंदणीच्या कचेरीत यायचं. हक्कसोडीचा कागद तयार हाय."

"एवढी काय घाई, मल्लू? आप्पा जाऊन सहा वर्सं झाली."

"घाई कसली. सातबाऱ्यावर तुझं नाव उगं लोंबकळतंय. प्रत्येक कागदाला तुला हेलपाटा."

"म्हंजे माझ्या पायांची काळजी."

महेश्वरी हसली. "तू भाकरी मोज," तो म्हणाला.

शिवबाईने चहाचं आधण ठेवलं. "ते कालव्याचं काय म्हणत्यात? आपल्याच रानातनं जातोय म्हणं."

"जहाज? भीमेत?" मल्लिनाथ मनापासून हसला. "अगं, उन्हाळ्यात म्हस बसवायची तर पाणी हुडकावं लागतंय. समुद्र कुटं, आपण कुटं. येड्यांचा बाजार हाय सगळा. आन् ते रान म्हंजे निस्ता चोपण, खारट, कुसळ उगवत न्हाय. तुला काय करायचंय त्याचं?"

हक्कसोड हा शब्द ज्यांनी घडवला, ते भाषेचे मोठे जाणकार असले पाहिजेत. हिसकावून घेतलेल्या गोष्टीला त्यांनी सोडलेली गोष्ट म्हटलं. कायद्याने मुलीला बापाच्या जमिनीत वाटा दिला. सभ्य माणसांनी कायदा मोडला नाही, त्यांनी बहिणीला वाकवलं. एक साडी, एक सही, आणि वर तिचं कौतुक, की बघा किती मोठ्या मनाची. जी सही करत नाही तिचं माहेर बंद होतं. पंचमीचं बोलावणं थांबतं, आणि ज्या उंबऱ्यावर ती रांगली त्या उंबऱ्यावर तिला परकी म्हणून उभं राहावं लागतं.

शिवबाई सही करणार होती, हे इथे सांगितलं पाहिजे. एकोणतिसाव्या वर्षी नवरा गेला, सासरच्यांनी तिची ट्रंक अंगणात ठेवली, आणि माहेराने दोन वर्षं छप्पर दिलं. त्या दोन वर्षांचा उल्लेख पुढची वीस वर्षं होत राहिला. तरी ती पंचमीला जायची. भीमेकाठच्या त्या रानातला निम्मा वाटा एवढंच तिच्या नावावर होतं. हात थांबले की ती ज्यावर जगू शकली असती, असं दुसरं काही नव्हतं. तरीही माहेराचं दार तिला त्याहून मोठं वाटत होतं.

"येते उद्या," ती म्हणाली.

मल्लिनाथने चहा संपवला. "भाकरीची ऑर्डर तुलाच दिलीया की मी. मागच्या दारानं ठेव आन् जा. उन्हात थांबू नको."

पण सभागृहाच्या मागच्या दाराशी पंखा होता, आणि महेश्वरीला चर्चा ऐकायची होती. म्हणून दोघी भांड्यांच्या आडोशाला बसल्या.

ज्या शहराच्या नळाला चार दिवसांआड पाणी येतं, त्या शहरातली तीन-चारशे माणसं जहाजांच्या रुंदीवर वाद घालत होती. सेवानिवृत्त भूगोलाचे प्राध्यापक बसलिंगप्पा विरोधी बाजूने बोलत होते. आपण समुद्रापेक्षा साडेचारशे मीटर उंचीवर आहोत, ते म्हणाले. जहाज खाली उतरवायचं आणि वर चढवायचं तर दोन्ही टोकांना दारं असलेले प्रचंड हौद पायऱ्यांसारखे बांधावे लागतील, आणि प्रत्येक वेळी दार उघडलं की तळंभर पाणी खाली जाईल. ते पाणी कुणाच्या घागरीतलं? त्यांचं म्हणणं खरं होतं. मात्र ते अशा समाधानाने सांगत होते, की नदी आटण्याचं श्रेयही जणू त्यांचंच.

मग मल्लिनाथ उठला. बिल्ला पुन्हा छातीवर आला होता.

"पाणी नाही म्हणणाऱ्यांना मी विचारतो," तो सभेच्या मराठीत म्हणाला, "बंधारे बांधले तर भीमा बारमाही का होणार नाही? माझ्या स्वतःच्या शेतावरून कालव्याची आखणी गेली आहे. सोन्यासारखं काळं रान. तिथे धक्का होईल, गोदामं होतील. सोलापूरची चादर बोटीत बसून जगात जाईल. आणि पहिलं संमतीपत्र मी देणार आहे, परवा, याच व्यासपीठावरून."

टाळ्या झाल्या. भांड्यांच्या आडोशाला शिवबाई हळूच म्हणाली, "सकाळी चोपण हुतं की गं ते."

महेश्वरीने भाकरीच्या फडक्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाली, "आत्या, संमतीपत्राला सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतात. म्हणून उद्याचं उरकायचंय."

शिवबाईच्या तोंडावर राग आला नाही. कुणीतरी आपल्याला किती स्वस्तात मोजलं हे कळल्यावर जी एक थंड स्वच्छता येते, ती आली. पीठ झटकत ती आडोशातून बाहेर आली आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेने सरळ व्यासपीठापर्यंत गेली.

कालव्याचा आराखडा करणाऱ्या सल्लागार संस्थेचा तरुण अभियंता अजिंक्य हरकती नोंदवण्यासाठी टेबलाशी बसला होता. "बोला, ताई. आपण खातेदार आहात?"

"व्हय. ह्यो आत्ता बोलला न्हवं का, त्याच रानाची. मल्लू माझा भाऊ."

सभागृहात कुणीतरी हसलं. कार्याध्यक्षांना मल्लू म्हणणारं माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"अक्का, बाहेर बोलू," मल्लिनाथ माईकपासून तोंड वळवून म्हणाला.

"घरात बोललो की सकाळी. तितं म्हस बसत न्हवती, हितं जहाज आलं. तुझी नदी किती वाजता भरती रे?"

आता हशा मोठा झाला. तीन तासांत सभेला प्रथमच कालव्याविषयी काही खरं ऐकायला मिळालं होतं.

"मला कालव्यातलं कळत न्हाय," शिवबाई अभियंत्याला म्हणाली. "हे सर म्हणत्यात तसं असंल. पण त्या रानात माझं नाव हाय. मी संमती देत न्हाय, आन् हक्कबी सोडत न्हाय. लिवून घ्या."

हसू थांबलं. आणि मग घडलं ते या कथेतलं सर्वांत लाजिरवाणं दृश्य, कारण त्यात कुणीच ओरडलं नाही. सकाळपासून ज्या सभेचं एका आकड्यावर एकमत होत नव्हतं, ती एका क्षणात एक झाली. समर्थक म्हणाले, बहिणीला हे शोभतं का. विरोधक म्हणाले, हा घरगुती प्रश्न आहे, विषयांतर नको. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. बसलिंगप्पा चष्मा पुसत, अगदी सौम्यपणे म्हणाले, "माझ्या चार बहिणींनी एका दिवसात सह्या केल्या, बाई. संस्कार होते."

"चौघींना इचारलं का, सर, का नुस्ता पेन दिला?"

प्राध्यापकांनी चष्मा पुसणं चालू ठेवलं.

मल्लिनाथ पायऱ्या उतरून खाली आला. आता त्याच्या आवाजात सभा नव्हती. "सही करू नको. पण मग पंचमीला येऊ नको. दिवाळीलाबी न्हाय. मी मेलो तरी न्हाय. तुझं माहेर आज संपलं, अक्का."

शिवबाईला हे ठाऊक होतं. तरी ऐकताना तिने टेबलाची कड धरली. "तुज्या सवडीनं उघडतंय मिटतंय, त्याला मी माहेर म्हणत हुते," ती म्हणाली. "चूक माझी. आपल्या बांधावर जायाला मला बोलावणं लागत न्हाय. अर्ज द्या, साहेब."

अजिंक्यने अर्ज पुढे केला. तिने सातवीपर्यंतच्या गोल अक्षरात सही केली. "ताई, खाली ओळख देणाऱ्याची सही लागते," तो अवघडून म्हणाला. "तुम्हाला ओळखणारं कुणी आहे इथे?"

गावचे निदान तीस लोक तिथे होते. तिच्या लग्नात जेवलेले होते, नवऱ्याला खांदा दिलेले होते. सगळे छताच्या पंख्यांकडे बघू लागले. तीस माणसांनी एका बाईला न ओळखण्याचा तो विधी पाऊण मिनिट चालला.

मग मागून महेश्वरी आली. ओढणीला अजून भाकरीचं पीठ होतं.

"बस खाली," मल्लिनाथ म्हणाला. "तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला दादा आहे, अण्णा," ती बापाला म्हणाली. "माझाही कागद एक दिवस तयार होईल. तेव्हा कुणीतरी ओळख द्यायला लागेल."

तिने पेन घेतलं. अर्जावर छापलेलं होतं: संपूर्ण नाव लिहावे. म्हणून तिने ते संपूर्ण लिहिलं, महेश्वरी, त्यापुढे बापाचं नाव, मल्लिनाथ, जराही घाई न करता, आणि मग आडनाव. अभियंत्याने शिक्का मारला. हरकत क्रमांक एक.

दुसऱ्या दिवशीच्या बातमीत कालव्यावरची चर्चा उत्साहात पार पडल्याचं होतं, दोन्ही बाजूंचे आकडे होते, भोजनातल्या कडक भाकरीचंही कौतुक होतं. हरकतीबद्दल काही नव्हतं. कालवा होईल किंवा होणार नाही. ते पाणी आणि पैसा ठरवतील. पण वर्तमानपत्राच्या पुरवणीत ही गोष्ट वाचणाऱ्या सद्गृहस्था, तुझ्या कपाटात बहिणीच्या सहीचा जो कागद आहे, त्याच्या व्यवहार्यतेवर कोणत्या सभागृहात चर्चा होणार आहे?