दोन घंट्या

दुसरी घंटा पुरती वाजू दिली आणि मंजुळानं रिसीव्हर खाली ठेवला. ठाण्याच्या कॉलेजात निकाल लागला होता. कॉम्प्युटर नेटवर्क्स, गेल्या खेपेला घशात अडकलेला विषय, एकदाचा सुटला होता.

कोपरच्या त्यांच्या गल्लीत फोन एकट्या शांताबाईंकडे. त्यांना निरोप घेऊन धावायला लावायचं नाही, हा मंजुळाच्या बाबांचा, दामाजींचा दंडक. म्हणून ठरलेलं: पास झाली तर दोन घंट्या द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. नापास, तर फोनच नाही. मग संध्याकाळी तिला बघायला कळव्याची पाहुणे मंडळी येतील, त्यांना बाबा होकार देणार. शिक्षण तिथंच संपलं.

पण शांताबाईंच्या ओट्यावर कान देऊन बसलेल्या आईनं ऐकलं असेल का? तोंडी परीक्षेत सरांनी नेमकं हेच विचारलं होतं.

"निरोप पाठवला, पोच आली नाही. काय करायचं?"

"परत पाठवायचा, सर."

काय ठणकावून बोलली होती! आता परत लावावा, तर चार घंट्यांचा घरी कोण काय अर्थ लावील? मागं एक गृहस्थ बूथच्या काचेवर नाणं वाजवत उभे होते. ती बाहेर पडली. मोठी शहाणी! जगभरच्या यंत्रांचं बोलणं पाठ केलं, आणि घरच्या फोनची पोच ठरवायची सुचली नाही.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशीच शांताबाई भेटल्या.

"आलीस? अगं, आमचा फोन सकाळपासून मेलाय."

"पण मला तर घंटा ऐकू आली!"

"तुला येईल. इथं डबा गप्प. तुझ्या आईलाही सांगितलं, तरी ती बाई दुपारपर्यंत आमच्या ओट्यावरून उठेना."

मंजुळा घराकडे धावली. दारात अनोळखी चपला होत्या. आतून बाबांचा आवाज आला.

"राग मानू नका. पोरगी पास झालीय. नोकरी लागेपर्यंत लग्नाचं नाव काढायचं नाही, असा शब्द दिलाय मी तिला."

ती मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरली. आई चहा गाळत होती, निम्मा बशीत सांडत होता.

"आई, बाबांना कोणी सांगितलं?"

"मीच. दोनदा वाजला म्हटलं."

आईनं बाहेरचा कानोसा घेतला. पातेलं खाली ठेवलं, लेकीचं मनगट घट्ट धरलं आणि हळूच विचारलं,

"झालीस ना गो पास?"