सायकलची चेन

टाचणी गंजली होती. तिच्याभोवती कागदावर तांबूस वर्तुळ उमटलं होतं. नखानं खरवडलं तर कागदच फाटेल, म्हणून रत्नमालानं बोट मागं घेतलं. कार्बनची तिसरी प्रत, निळी अक्षरं कडेला फुगलेली. तिचे वडील, भाऊ, पोलादाच्या कारखान्याच्या ऑफिसात टायपिंग करायचे. घरात बारसं असो की लग्न, नवी कविता रचून तिच्या पाच प्रती वाटल्याशिवाय त्यांना पंगतीत बसवत नसे. हा पाळणा तिच्या पहिल्या मुलाच्या, सुहासच्या बारशाचा. सुहास सव्वा महिन्याचा होऊन गेला... त्याला तीन वर्षं झाली. भाऊंना जाऊन पाच महिने.

आणि आज बाहेरच्या खोलीत तिच्या बारा दिवसांच्या मुलीचा पाळणा सजला होता.

"भाऊंचा कागद सापडला का वो, वहिनी?" नणंद, सिंधुताई, दारातून विचारत होती.

"नाही."

कागद पदराखाली गेला. जे शब्द एकाला राखू शकले नाहीत, ते हिच्या कानात कशाला? बी.ए. झालेली बाई, आणि कवितेला घाबरते! — घाबरते. दिवसातून दहादा मुलीच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघते, मग कविता तरी का सोडू...

बाहेर भाऊंच्या शेजारच्या तुळसाबाईंचा आवाज चढला. "कागद कायले पायजे? मले पाठ आहे ना!"

*आभाळी लाली भट्टीची,*
*पाळी आजोबांनी जागायची...*

रत्नमाला धावतच बाहेर आली. तिचा चेहरा बघून तुळसाबाई थांबल्या.

"अवो, अशी काऊन पाहून राहिली? भाऊनंच सांगतलं मले. म्हणे, लेकरू गेलं, पण पाळणा उपाशी नका ठेवू. तवापासून गल्लीत बारसं असलं का मी हाच म्हणते. अन् भाऊ बाहेर, मेंदीच्या कुंपणापाशी उभे. आत या म्हटलं तर म्हणे, सायकलची चेन उतरली. दर बारशाले चेन उतरे त्यायची!"

बायका हसल्या.

या तीन वर्षांत रत्नमाला कुणाच्या बारशाला गेली नव्हती. भाऊ मात्र संध्याकाळी तिच्याकडे डोकावत; कधी उशीर झाला तर म्हणत, चेन उतरली गं — आणि पाण्याचा पेला घेणारे हात स्वच्छ असत, बोटांना काळं लागलेलं नसे. तिनं ते पाहिलं होतं. विचारलं नव्हतं.

म्हणजे गल्लीतल्या कमलाचा तो दांडगोबा, मध्यंतरी दुर्गच्या बाजारात फुग्यासाठी रस्त्यावर लोळणारा, तोही याच शब्दांवर निजला होता? आणि त्या समोरच्या जुळ्या, ज्यांच्या किंकाळ्यांनी दुपार नकोशी होते... सुहासच्या जागी एकेक नाव, आणि कुंपणापलीकडे भाऊ, सायकलच्या दांड्यावर हात ठेवून. तिला एका शब्दानं न सांगता.

तिनं पदराखालचा कागद काढून सिंधुताईच्या हातात दिला. सिंधुताई मुलीच्या कानात नाव सांगून बाजूला झाली. तुळसाबाईंनी पुन्हा सुरुवात केली, शेवटच्या ओळीशी थांबल्या — "नीज गं..." — आणि रत्नमालाकडे पाहिलं.

"नाव टाक ना वो, पोरी. मायनंच टाका लागते."

सवयीनं तिचं बोट मुलीच्या नाकापुढं गेलं. ऊन, बारीक श्वास. मृणाल म्हणायचं होतं. पण त्याच्या अलीकडे दुसरं नाव येऊन उभं राहिलं होतं, तीन वर्षं न उच्चारलेलं. बायका थांबल्या होत्या. कोणतं आधी ओठांवर येईल, तिला ठाऊक नव्हतं... आणि त्याचं भय वाटत नव्हतं, निदान या ओळीपुरतं.