कानामागचा ठिपका

पार्लरवालीने वाटीतल्या रंगात ब्रश बुडवला आणि सुनेची मान हलकेच पुढे वाकवली. सुनेच्या मांडीवर सासूच्या परवाना परीक्षेचं पुस्तक उघडं होतं. परीक्षा सोमवारी होती. सासू नापास झाली, तर नव्या कायद्याने पार्लरला टाळं.

"चौदा वर्षं कात्री चालवतेय. आता हे उंटावरचे शहाणे मला शिकवणार!"

"आई, वाचू ना पुढचं?"

"वाच बाई."

"केसांना रंग लावण्याआधी काय करावं?"

"साडी सांभाळावी."

सून खुदकन हसली. मग तिने उत्तर वाचलं. दोन दिवस आधी कानामागे रंगाचा ठिपका लावून बघावा. एखादीला तो सोसत नाही. डोकं चिघळतं, डोळे सुजून मिटतात.

"परत वाच."

सुनेने परत वाचलं. ब्रश वाटीतच राहिला.

समोरची शिवणवाली पार्लरवालीची जिवाभावाची मैत्रीण. पार्लर उघडलं त्याच महिन्यात, मुलीच्या लग्नाआधी रंग लावून गेली, ती पुन्हा पायरी चढली नाही. लग्नात मात्र काळा चष्मा लावून मिरवली. गरज सरो, वैद्य मरो, असं पार्लरवाली गल्लीभर सांगत सुटली होती. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

पार्लरवालीने हात पुसले आणि ती रस्ता ओलांडून गेली.

शिवणवालीने दार उघडलं. गळ्यात टेप, डोकं पांढरंशुभ्र.

"तेव्हा रंग लावल्यावर... डोळे सुजले होते का गं?"

"चार दिवस उघडले नाहीत."

"मग बोलली का नाहीस?"

"दुकान महिन्याचं होतं तुझं. बोलले असते तर एक बाई फिरकली नसती."

"आणि मी तुला काय काय..."

"ऐकलंय मी. गल्ली काय मोठी आहे?"

पार्लरवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिवणवालीने गळ्यातला टेप काढून बोटांभोवती गुंडाळला.

"परीक्षा आहे म्हणे सोमवारी. नापास झालीस, तर माझं चौदा वर्षं गप्प बसणं फुकट जाईल."

पार्लरवाली परतली तेव्हा सून तशीच मान वाकवून बसली होती.

"आई, लावताय ना?"

तिने सुनेच्या कानामागे एक ठिपका लावला. उरलेला रंग बेसिनमध्ये ओतला आणि नळ सोडला.

"परवा बसू," ती म्हणाली. "पुढचा प्रश्न वाच. सावकाश वाच."