अर्धा पुसलेला आरसा

मी एक जुना हातआरसा आहे. बशीपेक्षा जरा मोठा, गोल, लाकडी मुठीचा. कडेचा माझा लेप आता उडाला आहे आणि तिथे तपकिरी ठिपके पडले आहेत. भिंतीवरच्या ऐसपैस आरशापुढे माझी काय मातब्बरी! पण मित्रांनो, त्या थोरल्याला जे जन्मात जमले नाही ते मी रोज करतो. मी माणसाला त्याच्या डोक्याची मागची बाजू दाखवतो.

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. तापलेल्या भट्टीतून निघालो, गोल कापला गेलो, पाठीवर चकचकीत लेप चढला आणि एका दुकानाच्या फळीवर येऊन बसलो. येणारे गिऱ्हाईक मला उचलायचे, स्वतःचेच दात बघायचे आणि परत ठेवायचे. माझे मालक मात्र वेगळे निघाले. त्यांनी स्वतःचे तोंड पाहिलेच नाही. भिंतीवरच्या आरशाकडे तोंड करून त्यांनी मला मानेमागे धरले, उजवा कान, डावा कान नीट न्याहाळला आणि म्हणाले, "हा खोटं बोलत नाही. द्या बांधून."

मालकांचे केस कापायचे दुकान होते. दोन खुर्च्या, फिरता पंखा, साबणाचा आणि ओल्या टॉवेलांचा वास. रोज सकाळी पहिले गिऱ्हाईक येण्याआधी ते मला मऊ फडक्याने पुसत, क्षणभर डोळे मिटत आणि पुटपुटत, "देवा, आज माझ्या हातून कुणाला ओरखडा नको." हा त्यांचा नेम होता. तापाने फणफणले असतानाही तो त्यांनी मोडला नाही.

माझे काम शेवटी यायचे. केस कापून झाले, मान झटकली की मालक मला मागे धरत. गिऱ्हाईक पुढच्या आरशातून माझ्यात पाहिल्यासारखे करी आणि न बघताच म्हणे, "छान!" शेजारचे घड्याळजी तर डोळेसुद्धा उघडत नसत. घड्याळे दुरुस्त करणारा हा माणूस मालकांचा लहानपणापासूनचा मित्र. मालक चिडायचे, "अरे, बघ तरी!" त्यावर ते म्हणायचे, "मागचं मला कुठे दिसतं? ज्यांना दिसतं त्यांनी तक्रार करावी."

पुढे मालकांची लेक दुकानात आली. तिने डावीकडची खुर्ची घेतली. हात तिचाही हलका होता. बापलेकीची दिवसभर थट्टामस्करी चाले आणि मला दोघांच्या हातात सारखेच सुख वाटे. मग एके दिवशी तिने केस कापायचे विजेचे यंत्र आणले. ते घूंऽऽ करू लागले आणि मालकांच्या कपाळावर आठी चढली.

"हे माझ्या दुकानात नको."

"अहो बाबा, सगळीकडे हेच चालतं. मान दुखत नाही, वेळ वाचतो."

"वेळ वाचवायचा असेल तर माणसाने टक्कलच करावं. उचल ते."

तिने यंत्र उचलले नाही. मालकही पुढे काही बोलले नाहीत. दोघेही एकाच मातीचे. अबोला धरला की धरला.

तो अबोला सुटायच्या आधीच मालक दुकानात कोसळले. डोक्यातली रक्ताची वाट एका जागी बुजली होती. दवाखान्यात बरेच दिवस गेले. मी खणात पडून होतो, माझ्यावर धूळ बसत होती. मित्रांनो, आरशासमोर कुणीच नसले की आरसाही रिकामा होतो, हे मला तेव्हा कळले.

मालक परत आले तेव्हा साऱ्यांनी देवाचे आभार मानले. बोलणे स्वच्छ, उजवा हात पहिल्यासारखा स्थिर. डावा हात तेवढा ढिला पडला होता. आल्या आल्या त्यांनी खण उघडला, फडके घेतले, मला पुसले, डोळे मिटले. मला भरून आले. पण डोळे उघडून त्यांनी मला ठेवले तेव्हा माझा फक्त उजवा अर्धा भाग चकाकत होता. डाव्या अर्ध्यावर धूळ तशीच होती.

मला वाटले, दमले असतील. दुसऱ्या दिवशीही तेच. मग घरातून मालकीणबाई सांगत आल्या, "ताटातलं अर्धंच जेवतात हो. मी म्हटलं, भाजी आवडली नसेल तर तसं सांगा. तर म्हणतात, भाजी वाढलीसच कुठे? ताट फिरवून ठेवलं तेव्हा सगळी संपवली. वर मलाच विचारतात, ही कधी केलीस!"

मालकीणबाई हसत होत्या, पण पदराने डोळे टिपत होत्या.

लेकीला मात्र हसू येत नव्हते. ती आपल्या खुर्चीपाशी, मालकांच्या डावीकडे, दिवसभर उभी असे. "बाबा, पाणी देऊ?" ते समोर बघत राहत. "बाबा, टॉवेल?" कधी उत्तर आलेच तर ते उजवीकडच्या रिकाम्या भिंतीकडे तोंड करून. ती मनाशी म्हणाली असेल, मरणाच्या दारातून परत आले, पण माझ्यावरचा राग काही तिथे ठेवून आले नाहीत. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या दुकानातून तिला बोलावणे आले होते. तिने बॅग भरली आणि दुकानाच्या दाराशी, डाव्या कोपऱ्यात आणून ठेवली. बाबांनी बघावी, काहीतरी म्हणावे, निदान ओरडावे, एवढीच तिची इच्छा होती. मालक रोज त्या बॅगेला जवळजवळ खेटून आत येत. चकार शब्द नाही.

एके सकाळी घड्याळजी खुर्चीत येऊन बसले. "चल, दाढी कर. तुझ्या हाताशिवाय गाल माझं ऐकत नाही." मालकांचा चेहरा फुलला. लेक श्वास धरून पाहत होती. मालकांनी खुर्चीमागे उभे राहून, समोरच्या आरशात बघत साबण लावला, वस्तरा फिरवला. हात जराही कापला नाही. मग त्यांनी कापड झटकले आणि म्हणाले, "झालं!"

घड्याळजींचा उजवा गाल गुळगुळीत झाला होता. डाव्या गालावर दाढी तशीच होती. तिथे साबणसुद्धा लागला नव्हता.

"अरे लेका, अर्ध्या तोंडाने घरी गेलो तर बायको अर्धंच जेवायला घालेल!"

"दोन्ही बाजू केल्यात. डोळे तपासून घे तुझे."

"थट्टा पुरे झाली."

"थट्टा कोण करतंय?" मालक खरोखरच चिडले होते.

घड्याळजींचे हसू विरले. डावीकडून लेक हळूच म्हणाली, "बाबा, हा गाल राहिलाय." मालक वस्तरा पुसत राहिले. तिने मुकाट्याने उरलेली दाढी केली. तिच्या डोळ्यातले पाणी घड्याळजींनी पाहिले आणि ते म्हणाले, "पोरी, घड्याळाचा काटा अर्ध्यावरून परत फिरत असेल तर दोष काट्याचा नसतो. आत कुठेतरी चाकाचा दाता तुटलेला असतो. दवाखान्यात ने त्याला."

मालक कुठेही जाताना मला पिशवीत घेत. म्हणून मीही गेलो. मेंदूच्या डॉक्टरबाई वयाने लहान होत्या, पण नजर शांत. त्यांनी मालकांचे अर्धेच विंचरलेले केस पाहिले आणि कागदावर फूल काढायला सांगितले. मालकांनी देठ काढला आणि पाकळ्या सगळ्या उजव्या बाजूला काढल्या. मग बाईंची नजर पिशवीतून डोकावणाऱ्या माझ्यावर पडली. त्यांनी मला मालकांच्या उजवीकडे धरले आणि लेकीला दाढीचा ब्रश घेऊन डावीकडे उभे केले. माझ्यात लेक दिसत होती, तिच्या हातातला ब्रशही.

"ब्रश घ्या बरं," बाई म्हणाल्या.

मालकांनी उजवा हात पुढे केला आणि बोटे टक्‌ करून माझ्या काचेवर आपटली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, मग माझ्या पाठीमागे चाचपून पाहिले. आयुष्यभर आरशांत वावरलेला माणूस! मला त्या बोटांची ऊब लागली आणि वाटले, फुटून जावे.

"ब्रश आत आहे," मालक गोंधळून म्हणाले. "काच आड येते. आणि ही... ही माझी लेक आत काय करतेय?"

लेकीने तोंडावर हात धरला.

बाईंनी तिला जवळ बसवले. "त्यांचे डोळे चांगले आहेत, कानही चांगले आहेत. डोळा बघतो, पण 'तिकडे बघ' असं सांगतो तो मेंदू. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालीय आणि डाव्या बाजूची दखल बहुतेक तोच घेतो. त्यांच्यासाठी जगाची डावी बाजू उरलेली नाही."

"म्हणजे तिकडे त्यांना अंधार दिसतो?"

"अंधार असता तर त्यांना कळलं असतं. तुला आत्ता तुझ्या डोक्यामागे काय दिसतंय? अंधार?"

लेक विचारात पडली. "काहीच नाही."

"आणि काही राहिलंय असंही वाटत नाही ना? तसंच त्यांचं डावीकडे झालंय."

मित्रांनो, मी इतकी वर्षे लोकांना त्यांची मान दाखवत आलो, पण माझ्या कामाचा अर्थ मला त्या खोलीत उमगला.

"मग ते माझ्यावर रागावलेले नाहीत?" लेकीने विचारले.

"ते मला कसं कळणार? रागावर माझ्याकडे औषध नाही," बाई हसल्या. "पण तू डावीकडे उभी राहून हाका मारतेस. आधी उजवीकडे ये, नजर धर, मग हळूहळू डावीकडे सरक. त्यांना सोबत घेऊन जा. पूर्ण बरं होईल असं वचन देत नाही. पण मेंदू कष्टाळू असतो. एक रस्ता बंद झाला तर पायवाट शोधतो. मात्र त्या वाटेवर रोज चालावं लागतं."

तेव्हापासून दुकानात नवा नेम सुरू झाला. भिंतीवरच्या आरशाच्या डाव्या कडेला लेकीने लाल फीत चिकटवली. आधी फीत शोधायची, मगच हत्याराला हात लावायचा. खुर्चीत घड्याळजी फुगा धरून बसत. मालकांनी फुग्याला साबण लावायचा आणि वस्तऱ्याने न फोडता उतरवायचा, दोन्ही बाजूंनी. पहिला फुगा फटकन फुटला आणि घड्याळजींच्या तोंडभर फेस उडाला. "बरं झालं, गाल मागे ठेवला होता!" ते म्हणाले. मालक पोट धरून हसले. कित्येक दिवसांनी ते हसू माझ्यात पडले.

कधी फीत पटकन सापडे, कधी मालक तिच्यापर्यंत पोचतच नसत आणि वैतागून बसत. लेक उजवीकडे येई. "इकडे बघा. आता माझ्याबरोबर चला." आणि पाऊल पाऊल सरकत त्यांची नजर बोट धरल्यासारखी पुढे नेई. बॅग मात्र कोपऱ्यातच होती. एकदा घड्याळजींनी विचारले तेव्हा ती म्हणाली, "राग नाही, हे कळलं काका. पण मी त्यांना इथे हवी आहे का, ते कुठे कळलंय?"

मग ती सकाळ आली. लेक केर काढत होती. मालकांनी मला उचलले, उजवा अर्धा भाग पुसला आणि थांबले. त्यांनी मान उचलून भिंतीवरची फीत शोधली, परत माझ्याकडे आले आणि फडके हळूहळू डावीकडे नेले. कडेपर्यंत. मी लख्ख झालो. त्यांनी डोळे मिटले, आपली प्रार्थना पुटपुटली आणि उघडल्यावर मान फिरवतच राहिले. फितीच्याही पलीकडे, दाराच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत.

"ही बॅग कुणाची?"

केरसुणी थांबली. "माझी."

"कधीपासून आहे इथे?"

"तुम्ही दवाखान्यातून आल्यावर थोड्याच दिवसांनी ठेवली."

मालकांची नजर लेकीकडे गेली, तिच्या खुर्चीकडे गेली, खुर्चीवरच्या यंत्राकडे गेली. हे सगळे डावीकडेच होते.

"तू इथेच उभी असायचीस? रोज?"

"इथेच, बाबा."

मालक म्हणाले, "बॅग आत ठेव. दारात कुणीतरी अडखळेल. आणि ते घूं करणारं काय आहे ते जरा दाखव मला. माझ्या उजवीकडे येऊन दाखव."

ती बॅग आता आतल्या खोलीत असते. तिच्यात धुतलेले टॉवेल ठेवतात. मालक दिवसाला थोडेच काम करतात, शेवटचा हात लेक फिरवते. दमले की अजूनही त्यांची डावी बाजू निसटते; मग ती उजवीकडे येते.

मित्रांनो, आरशाला दुसरे काय मागायचे असते? मला पुसाल तेव्हा कडेपर्यंत पुसा. आणि घरातले कुणी तुमच्याकडे पाहत नसेल, तर रुसून बॅग भरण्याआधी एकदा त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहा. प्रत्येकाच्या डोक्यामागे एक न दिसणारी जागा असते, आणि ती ज्याची त्याला कधीच ठाऊक नसते. ती दाखवायला कुणीतरी मागे आरसा धरून उभे राहावे लागते.

परवा घड्याळजींचे केस कापून झाले आणि मालकांनी मला त्यांच्या मानेमागे धरले. या वेळी घड्याळजी डोळे उघडून माझ्यात बघत बसले. "अरे," ते म्हणाले, "इतका पिकलोय मी?"